साथ ओसरली, मनातले दुःख?

२५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. ‘घरात राहा, अंतर ठेवा’ असे सांगितले गेले. पण आपल्या वस्त्यांत एका खोलीत सहा-सात माणसे, नळ आणि शौचालय सार्वजनिक. तिथे अंतर ठेवायचे कसे? नाक्यावरचे मजूर, घरकाम करणाऱ्या बाया, रिक्षावाले यांची कमाई एका दिवसात बंद झाली. शाळा मोबाईलवर आली आणि घरात मोबाईल एकच.

याचा मनावर परिणाम होणारच होता. साथीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य हे आजार २५ टक्क्यांनी वाढले, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२२ मध्ये सांगितले. स्त्रियांना आणि तरुणांना त्याची झळ जास्त बसली.

पण सर्वांत खोल घाव मरणाचा होता. दवाखान्यात नेलेले आपले माणूस पुन्हा दिसले नाही. अंत्यदर्शन नाही, खांदा द्यायला माणसे नाहीत, पुण्यानुमोदनाला कुणी जमू शकले नाही. चार माणसांत बसून, बोलून, रडून दुःख हलके होते. ज्यांना ते करता आले नाही, त्यांचे दुःख आतच राहिले. म्हणून आजही ॲम्ब्युलन्सचा आवाज आला की काहींच्या छातीत धस्स होते. हा मनाचा दुबळेपणा नाही.

घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त दिवस पुढील त्रास असेल तर दुर्लक्ष करू नका :
• झोप न लागणे, भूक मरणे
• सतत उदास वाटणे, कशातच मन न रमणे
• विनाकारण चिडचिड, छातीत धडधड
• दारू वाढणे. मुलांनी एकदम गप्प होणे
‘जगून काय करायचे’ असे कुणी बोलले, तर दोन आठवडे थांबू नका. त्याच दिवशी मदत घ्या आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नका.

आपण काय करू शकतो?

‘झाले ते विसरा’ असे म्हणू नका. गेलेल्या माणसाचे नाव घ्या, आठवणी बोलू द्या. तेव्हा जमता आले नसेल, तर पुढच्या स्मृतिदिनी जमा. पुरुषांनाही रडू द्या.

अंगात आले, बाहेरची बाधा झाली असे समजून भगताकडे पैसे घालवू नका. जिल्हा रुग्णालयात आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचार विभाग असतो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तर त्यांना न विचारता मध्येच बंद करू नका.

‘टेली मानस’ ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस मोफत मिळते. तिथे मराठीत बोलता येते. हा क्रमांक घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा आणि शेजारच्या घरीही सांगा.

ताप आला की आपण दवाखान्यात जातो. मन आजारी पडले तरी तसेच जाऊ या.