लॅपटॉप चांगला, तरी खेळ का अडखळतो?

गतवर्षी दिवाळीच्या सुट्टीनंतर मुले वसतिगृहात परतत असताना एका विद्यार्थ्याचे वडील संगणक कक्षात आले आणि त्यांनी लॅपटॉपची पिशवी माझ्यासमोर ठेवली. “सर, घेऊन दीडच वर्ष झालं. पोरगा म्हणतो, गेम अडकतो. दुरुस्तीवाला म्हणतो, मदरबोर्ड बदला.” सांगितलेला खर्च लॅपटॉपच्या जवळजवळ निम्म्या किमतीएवढा होता, आणि हाताशी असलेली तेवढी रक्कम त्यांनी थोरल्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी राखून ठेवलेली होती.

मी यंत्र सुरू केले. लेखनाचे काम, हिशेबाचे तक्ते, ऑनलाइन तासाचे चित्रण, सारे सुरळीत चालले. मग मुलाने मोटारींच्या शर्यतीचा त्याचा आवडता खेळ लावला. पहिली काही मिनिटे तो कसाबसा चालला. त्यानंतर पंखा घोंगावू लागला आणि मोटार धक्के खात पुढे सरकू लागली. हा बिघाड नव्हता. ते यंत्र ज्या कामासाठी घडवलेले नव्हते, ते काम त्याच्याकडून करून घेतले जात होते.

येथे पालकांच्या मनात एक रास्त शंका येते. चित्रपट जर न अडखळता दिसतो, तर खेळ का अडखळावा? चित्रपटातील प्रत्येक दृश्य आधीच तयार असते. लॅपटॉपला ते केवळ उलगडून दाखवायचे असते. खेळातील दृश्य मात्र आधी अस्तित्वातच नसते. मुलाने मोटार डावीकडे वळवली की रस्ता, झाडे, सावल्या, काचेवरील चमक हे सर्व त्या क्षणी नव्याने रेखाटावे लागते. हालचाल गुळगुळीत भासावी यासाठी सेकंदाला ६० चित्रे हवीत असे धरले, तर एका चित्रासाठी सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. नेहमीच्या पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके, म्हणजे एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. सेकंदाला साठ चित्रे म्हटली की हा आकडा १२ कोटी ४४ लाखांवर जातो. ठरल्या वेळेत चित्र पुरे झाले नाही की आधीचेच चित्र पडद्यावर रेंगाळते, आणि आपण म्हणतो, गेम अडकला.

एवढे ठिपके रंगवणार कोण? आपल्या भोजनगृहाचे उदाहरण घ्यावे. आचारी कितीही निष्णात असला तरी शेकडो मुलांच्या पोळ्या एकटा लाटू शकत नाही. तेथे साधेच काम करणारे पुष्कळ हात लागतात. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा तो निष्णात आचारी होय. पोळ्या लाटणारे हात म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर. खेळांसाठीच्या लॅपटॉपमधील आरटीएक्स ४०६० या स्वतंत्र ग्राफिक्स चिपमध्ये असे ३,०७२ छोटे गणकघटक असतात. अभ्यासाच्या स्वस्त लॅपटॉपमध्ये अशी वेगळी चिप नसते. मुख्य प्रोसेसरच्याच एका कोपऱ्यात ग्राफिक्सची थोडी जागा दिलेली असते.

त्या कोपऱ्याला स्वतःची स्मृतीही नसते. तो प्रोसेसरच्याच रॅममधून उसनवारी करतो, आणि खरी कोंडी येथे होते. या लॅपटॉपमध्ये डीडीआर४-३२०० प्रकारची रॅमची एकच पट्टी होती. तिच्यातून सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ गिगाबाइट माहिती वाहू शकते. वर उल्लेखिलेल्या स्वतंत्र चिपला तिच्या स्वतःच्या स्मृतीतून २५६ गिगाबाइट मिळतात, नेमके दसपट! दुकानात मात्र “आठ जीबी रॅम आहे” एवढेच सांगितले जाते; ती एका पट्टीत की दोन पट्ट्यांत, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. दोन सारख्या पट्ट्या असल्या की हा प्रवाह दुप्पट होतो.

आता तो घोंगावणारा पंखा. पातळ लॅपटॉपमधील पुष्कळसे प्रोसेसर दीर्घकाळ सुमारे १५ वॅट वीज वापरण्याच्या बेताने बनवलेले असतात. थोडा वेळ ते त्याहून अधिक वीज घेऊन वेगाने धावतात. पण उष्णता बाहेर पडायला वाट अपुरी असली की जळू नये म्हणून स्वतःचाच वेग कमी करतात. प्रारंभीची मिनिटे बरी जाऊन नंतर धक्के बसू लागतात ते यामुळे. मी विद्यार्थ्याला विचारले, “घरी खेळायला कुठे बसतोस?” तो हळूच म्हणाला, “गादीवर, सर.” लॅपटॉपला हवा आत घेण्याची जाळी बहुधा खालच्या बाजूस असते आणि गादी ती पुरती बुजवते. चार्जर काढून खेळल्यासही वेग उतरतो, कारण बॅटरी टिकवण्यासाठी यंत्र विजेचा वापर आवरते घेते.

ज्यांना खेळांसाठीच लॅपटॉप घ्यायचा आहे, त्यांनी केवळ नावावर भुलू नये. आरटीएक्स ४०९० हे एकच नाव टेबलावरच्या संगणकाच्या कार्डालाही आहे आणि लॅपटॉपमधील चिपलाही. पहिल्यात १६,३८४ गणकघटक आहेत व ते ४५० वॅटपर्यंत वीज घेते. दुसऱ्यात ९,७२८ घटक आहेत आणि तिला त्याच्या निम्मीही वीज मिळत नाही. ४०६० सारखी चिपसुद्धा एका लॅपटॉपमध्ये कमी वॅटवर, तर दुसऱ्यात जास्त वॅटवर चालवलेली आढळते. म्हणून “ग्राफिक्स किती वॅटचे?” हा प्रश्न दुकानात अवश्य विचारावा. उत्तर देणाऱ्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

त्या दिवशी आम्ही लॅपटॉप लाकडी टेबलावर ठेवला, जाळीतील धूळ झटकली, चार्जर जोडला आणि खेळातील चित्राचा आकार १२८० गुणिले ७२० केला. ठिपके निम्म्याहून कमी झाले. सावल्याही बंद केल्या. मोटार सेकंदाला साठ चित्रांनी धावली नाही, पण धक्के थांबले. चित्र थोडे धूसर दिसते, अशी तक्रार मुलाने केली. ती खरी होती.

“मग मदरबोर्ड?” वडिलांनी विचारले.

“त्याला काही झालेले नाही, भाऊ. आत रॅमची एक खाच रिकामी आहे. पुढे जमेल तेव्हा तशीच दुसरी पट्टी टाका. मदरबोर्डच्या मानाने ती फारच स्वस्त पडेल. तोवर अभ्यासाला हा लॅपटॉप उत्तम आहे.”

त्यांनी दुरुस्तीवाल्याचा कागद घडी करून खिशात ठेवला आणि मुलीच्या प्रवेशाची अंतिम तारीख कोणती, हे पाहण्यासाठी त्याच लॅपटॉपवर महाविद्यालयाचे संकेतस्थळ उघडून द्यायला मला सांगितले.