कॉव्हेंट्रीस गेलेल्या भाचीस



तुझे पत्र पोहोचले. राहण्याची जागा, तिथली थंडी आणि कॉव्हेंट्रीत मिळणारे पोहे यांचा मजकूर चार ओळींत आटोपून तू तुमच्या संशोधन-गटातील माणसांची हकीकत दोन पाने भरून कळविलीस, हे मला विशेष समाधानाचे वाटले. कारण मोठ्या विद्यापीठात नव्याने दाखल झालेली मुले बहुधा यंत्रांचेच वर्णन करतात, आणि तुझ्या वॉरिक विद्यापीठासारख्या ठिकाणी, जिथे घन पदार्थांच्या अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदनाचे ब्रिटनचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि ८५० मेगाहर्ट्झ व १ गिगाहर्ट्झ अशा क्षमतेची यंत्रे आहेत, तिथे त्या वर्णनात रमणे क्षम्यही ठरले असते. गटात एक जण काचबंद पेटीत रोपे वाढवितो, एक बाई लाकडातून लिग्निन वेगळे काढतात, एक तरुण प्रयोगशाळेत पाऊल न टाकता दिवसभर संगणकावर रेणूंचे गणित मांडतो, एक वयस्क गृहस्थ केवळ यंत्रांची निगा राखतात, आणि या सर्वांच्या वर तुझे मार्गदर्शक. ‘या सगळ्यांत माझे म्हणून काम कोणते, तेच उमगत नाही,’ असे तू शेवटी लिहिलेस. त्या एका वाक्यासाठी हे लांबलचक उत्तर.

माझा अधिकार काय, असे तू विचारणार नाहीस, पण विचारावेस. मी उभी हयात एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ब्रिक्स आणि पोल मोजण्यात घालविली, आणि तुझ्या शास्त्राविषयी मला जे कळते ते विद्यार्थिदशेत घोकलेले व निवृत्तीनंतर सवडीने वाचलेले, इतकेच. परंतु जिथे एकाने काढलेला नमुना दुसरा तपासतो, तिसरा त्याचा आकडा लिहितो आणि चौथा त्या आकड्याच्या भरवशावर लाखोंचा व्यवहार ठरवितो, तिथे माणसांनी एकमेकांशी कसे वागावे हा विषय मला पुस्तकातून शिकावा लागला नाही. माझे मत स्पष्टच सांगतो. अशा गटात कोणाचेही काम सुटे नसते. नमुना ज्या हातातून तुझ्याकडे येतो आणि तुझ्याकडून ज्या हातात जातो, त्या दोन हातांमधल्या देवघेवीचा चोख कारभार, हेच तुझे काम.

तुझ्या शास्त्राचा स्वभावच असा आहे की त्यात एकट्याने मिरविण्याची फारशी सोय नाही. तुमच्या १ गिगाहर्ट्झच्या यंत्रातले २३.५ टेस्लाचे चुंबक म्हणजे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या चार लाखांहून अधिक पट. एवढे बळ लावूनही साध्या तापमानाला हायड्रोजनच्या अणुकेंद्रांत चुंबकाच्या बाजूची आणि विरुद्ध बाजूची यांच्या संख्येत जो फरक पडतो तो लाखामागे जेमतेम आठांचा, आणि यंत्राला जे काही ऐकू येते ते त्या आठांच्याच जिवावर. कार्बनची अवस्था याहून बिकट, कारण ज्या कार्बन-१३चा संकेत मिळतो तो निसर्गातील कार्बनात शेकडा एकाच्या आसपासच असतो; म्हणूनच तुमच्यातील त्या वनस्पतिशास्त्रज्ञाला रोपे कार्बन-१३ने समृद्ध केलेल्या महागड्या वायूवर आठवडेच्या आठवडे पोसावी लागतात. त्यातही संकेत गोंगाटापेक्षा दुप्पट स्पष्ट हवा असेल तर यंत्राचा वेळ चौपट द्यावा लागतो, आणि तो वेळ देशभरच्या विद्यापीठांना अर्ज-विनंतीने वाटून दिलेला असतो. तेव्हा तुझ्या वाट्याला एखादी मुदत आली, तर त्या मुदतीत कोणाचे रोप, कोणाचे हीलियम आणि कोणाची रांगेतली जागा खर्ची पडत आहे, याची जाणीव ठेवूनच कळफलकाला हात लाव.

यंत्रांची निगा राखणाऱ्या ज्या गृहस्थांविषयी तू ‘फारसे बोलत नाहीत’ एवढेच लिहिले आहेस, त्यांच्यापाशी पहिले काही आठवडे उभी राहा, असा माझा आग्रह आहे. घन पदार्थातील अस्ताव्यस्त रुंद संकेत बारीक आणि वाचनीय व्हावा म्हणून नमुना ५४.७ अंशांच्या कोनात कलता धरून वेगाने फिरवावा, ही युक्ती रेमंड अँड्र्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली; तुमच्या इंग्लंडच्या शेजारीच, वेल्समधील बँगोर येथे हे काम झाले. आज १.३ मिलिमीटर व्यासाची झिर्कोनियाची नळकांडी हवेच्या झोतावर सेकंदाला साठ हजार फेरे घेते. हे वाचताना मोठे विलक्षण वाटते. पण ते घडते कोणाच्या हातून? भुकटी चिमूट-चिमूट घालून सारखी दाबावी लागते, कुठे पोकळी राहिली तर नळकांडीचा तोल जाऊन ती आतल्या आत फुटते. टोपण तिरपे बसून चालत नाही. नळकांडीच्या कडेवरचा काळा डाग पुसट झाला तर प्रकाशाच्या साहाय्याने फेरे मोजणारा डोळाच आंधळा होतो. आणि कोन बरोबर लागला की नाही याची खातरजमा पोटॅशियम ब्रोमाइडचा संकेत पाहून करावी लागते. या गोष्टी शोधनिबंधात अर्ध्या ओळीत येतात, पुष्कळदा येतही नाहीत. त्या जाणणारा माणूस गटातील नोकर नव्हे, तो गटाचा जामीन आहे.

निरनिराळ्या विद्यांची माणसे एकत्र आल्याने काय साधते, याचा दाखला तुझ्याच विद्यापीठात आहे. झाडाच्या पेशीभित्तीत सेल्युलोजच्या ताठ तंतूंभोवती झायलान नावाची दुसरी शर्करा-साखळी असते. ती मोकळी असली की तीन घटकांमागे एक वेढा घेणारी मळसूत्री असते. जिवंत भित्तीत मात्र ती सेल्युलोजला चिकटताना सपाट होऊन दोन घटकांमागे वेढा घेते, हे २०१६ साली केंब्रिजचे वनस्पती-जीवरसायनज्ञ पॉल ड्यूप्री आणि वॉरिकचे भौतिकशास्त्रज्ञ रे ड्यूप्री यांनी आपल्या सहकाऱ्यांसह दाखविले. हे दोघे बाप-लेक. रोपाची नाडी लेकाला ठाऊक, अनुस्पंदनाची बापाला. लाकूड कशाने घट्ट राहते या जुन्या प्रश्नाला दोघांपैकी एकट्याच्याने हात घालवला नसता. (घरच्या माणसांशीही कामापुरते औपचारिक कसे वागावे, हे त्यांना विचारायला मला आवडेल, आपल्याकडे ते कोणाला साधत नाही.)

आणि आपलाही या विद्येशी संबंध अगदीच परका नाही. १९५१ साली स्टॅनफर्ड येथे आर्नल्ड व पॅकार्ड यांच्यासमवेत एस. एस. धर्मट्टी यांनी एथिल अल्कोहोलच्या हायड्रोजनांचे तीन निराळे संकेत दाखविले: एकाच रेणूतील तीन, दोन आणि एक अशा तीन कुळींचे हायड्रोजन आपापल्या जागेनुसार वेगवेगळे बोलतात, ही गोष्ट साध्या मद्यार्काच्या थेंबाने सिद्ध केली. तेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे त्यांनी अनुस्पंदनाचे काम उभे केले. आमच्या कारखान्याच्या आसवनीत मळीपासून रोज टाक्यांनी निघणारा तो द्रव. त्याच्याकडे आम्ही अबकारी खात्याच्या नजरेनेच पाहत आलो!

आता नमुन्याच्या इतिहासाविषयी. तू चिपाडाबद्दल विचारलेस, म्हणून त्याचेच उदाहरण देतो. गिरणीच्या शेवटच्या चरकातून बाहेर पडणाऱ्या चिपाडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणी असते. तेच चिपाड अंगणात महिनाभर पडले तर ते आंबते; १०५ अंशांच्या भट्टीत ठेवले तर कोरडे होते खरे, पण पाणी गेल्याबरोबर भित्तीतील साखळ्यांची परस्परांशी असलेली मांडणीही पूर्वीसारखी राहत नाही. पिशवीवर ‘चिपाड’ एवढेच लिहिलेले असेल आणि ते ओले की सुके, पहिल्या चरकाचे की शेवटच्या, कोणत्या जातीच्या उसाचे हे कोणी लिहिलेच नसेल, तर तुमच्या गिगाहर्ट्झच्या यंत्राने काढलेला आलेख कितीही देखणा असला तरी तो कोणत्या पदार्थाचा आलेख आहे हे परमेश्वरालाच ठाऊक. आमच्याकडे नमुने गोळा करणारा एक पोऱ्या होता. चौथीपलीकडे शिकलेला नव्हता, पण प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर तो पाळी, वेळ, चरकाचा क्रमांक आणि ‘मध्ये गिरणी थांबली होती’ यासारखा शेरा पेन्सिलीने न चुकता लिहीत असे. गळीत हंगामात उताऱ्याचे आकडे एकमेकांशी जुळेनासे झाले की आम्ही पदवीधर माणसे पुस्तके उघडण्यापूर्वी त्याच्या चिठ्ठ्या उघडत असू. तू त्याच्यासारखी चिठ्ठी लिहायला शीक, आणि दुसऱ्याने अर्धवट चिठ्ठी दिली तर नमुना हाती घेण्यापूर्वी त्याला नम्रपणे पण निक्षून विचार. संकोचाने गप्प राहिलीस तर त्याचे अज्ञान तुझ्या नावावर जमा होईल.

गटाच्या नावात ‘शाश्वत पदार्थ’ हे शब्द आहेत, त्यांच्याविषयी थोडे सावध राहावे असे मला वाटते. हल्ली अनुदानाच्या अर्जावर या शब्दाची मोहोर असल्याशिवाय दप्तर पुढे सरकत नाही, आणि त्यामुळे तो शब्द कोणत्याही मालावर चिकटविण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. पॉलिलॅक्टिक आम्लाचे उदाहरण घे. मक्याच्या किंवा उसाच्या साखरेपासून ते होते, हे खरे; औद्योगिक खत-प्रकल्पातील साठ अंशांच्या सुमाराच्या उष्णतेत ते कुजते, हेही खरे; पण शेताच्या बांधावर वा समुद्रात टाकलेला त्याचा पेला वर्षानुवर्षे तसाच पडून राहू शकतो, हे दुकानदार सांगत नाही. अनुस्पंदनाने तुला रेणूंची जवळीक कळेल, हालचाल कळेल, मांडणी कळेल. एखादा पदार्थ पृथ्वीला परवडतो की नाही हे त्या आलेखात नसते. त्याचा जमाखर्च निराळा, तो पाणी, इंधन, जमीन आणि कचरा यांचा, आणि तो मांडणारी माणसे निराळी. त्यांच्या प्रांतातला निष्कर्ष आपल्या आलेखाखाली लिहू नकोस, आणि मार्गदर्शकांनी मसुद्यात तो घातला तर ‘याला आपल्यापाशी पुरावा कोणता?’ एवढा प्रश्न अदबीने विचार. चांगला मार्गदर्शक रागावणार नाही. रागावला तर तेही वेळीच कळलेले बरे.

निबंधावर कोणाचे नाव आणि कितवे, हा प्रश्न काम सुरू होतानाच उघडपणे बोलून घे. शेवटी बोलायला गेले की स्नेह आणि निबंध दोन्ही अडतात. संगणकावर गणित मांडणाऱ्या त्या तरुणाला प्रयोगशाळेत बोलावून नळकांडी भरताना दाखव, आणि त्याच्या गणितात कोणती गृहीते आहेत ती तूही समजून घे. जेवणाची वेळ सांभाळ. रात्रपाळीचे मोजमाप असले तर खोलीवर परतताना एकटी चालत येऊ नकोस; द्रव नायट्रोजन भरण्याचे काम हातमोजे आणि चष्म्याशिवाय कोणी सांगितले तरी करू नकोस. या दोन बाबतींत मला तडजोड चालणार नाही.

राहता राहिली तू मागितलेल्या चिपाडाची गोष्ट. कारखान्यात अजून माझा शब्द चालतो, आणि सध्याच्या मुख्य रसायनज्ञांना सांगून को ८६०३२ जातीच्या उसाचे, शेवटच्या चरकाचे, वेळ व तारीख घातलेले चिपाड मी मिळवून देईन. मात्र वनस्पतिजन्य माल ब्रिटनमध्ये आणण्याचे नियम व परवाने काय आहेत, ते तुमच्या विभागाच्या कचेरीत आधी लेखी विचार. ते ओले गोठवून हवे की वाळवून, हे लिग्निनच्या बाई आणि तुझे मार्गदर्शक या दोघांच्या संमतीने ठरव. आणि त्या दोघांच्या सहीचे पत्र मला पाठव. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंतच चालेल, तेव्हा उत्तरास उशीर करू नकोस.

तुझा,
मामा