सत्तर वर्षे म्हणजे किती?



गेल्या महिन्यात नववीच्या वर्गात प्राचीन इराणी साम्राज्य शिकवताना मी सहज बोलून गेलो, की सम्राट सायरसने बाबिलोन जिंकल्यावर तेथील यहूदी लोकांना मायदेशी परतायची मुभा दिली आणि या परतीविषयी त्यांच्या यिर्मया नावाच्या नबीने आधीच सांगून ठेवले होते. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पत्रिका बघून सांगितले होते का?" वर्ग हसला, घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते आज लिहितो. पालकांनीही वाचावे.

नबी म्हणजे ज्योतिषी नव्हे. राजाला आणि प्रजेला तोंडावर खडसावणे हे त्याचे मुख्य काम. त्याच्या भविष्याला बहुधा अट जोडलेली असते: असे वागाल तर असे होईल. त्यामुळे भविष्य खरे ठरले की खोटे एवढाच प्रश्न यहूदी विद्वानांपुढे कधी नव्हता. त्याचा अर्थ काय लावायचा आणि आपण काय करायचे, यावर त्यांचा वाद दोन हजार वर्षांहून अधिक काळ चालला आहे.

इ.स.पू. ५९७ मध्ये बाबिलोनचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमचा राजा आणि हजारो लोक कैद करून नेले. तेव्हा हनन्या नावाचा दुसरा एक नबी लोकांना सांगत होता, की दोन वर्षांत सगळे परत येतील. लोकांना हेच ऐकायचे होते. यिर्मयाने मात्र बाबिलोनला पत्र पाठवले. घरे बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्ने करा आणि ज्या शहरात तुम्हाला नेले आहे त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. परत याल, पण सत्तर वर्षे भरल्यावर, असा त्याचा आशय. आपल्या बडोद्यात ज्यांचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेबरोबर आले, त्यांना हे पत्र जरा जवळचे वाटेल. अर्थात आपल्याला कुणी बांधून आणले नव्हते!

पुढे इ.स.पू. ५८६ मध्ये यरुशलेमचे मंदिरही जळाले. आता वहीत गणित मांडा. इ.स.पू. ५३९ मध्ये सायरसने बाबिलोन घेतले आणि पुढच्या वर्षी परतीची परवानगी दिली. मंदिर जळाल्यापासून मोजले तर अठ्ठेचाळीसच वर्षे होतात. पण मंदिर पुन्हा बांधून झाले ते इ.स.पू. ५१६ मध्ये. त्या हिशोबाने बरोबर सत्तर. मग मोजायला सुरुवात कुठून करायची, आणि 'परत येणे' म्हणजे माणसे येणे की मंदिर उभे राहणे?

हा घोळ प्राचीन यहूदी पंडितांच्याही लक्षात आला होता. तालमूद या त्यांच्या विशाल चर्चाग्रंथात एक गमतीदार कथा आहे. बाबिलोनच्या बेलशस्सर राजाने स्वतःच्या पद्धतीने सत्तर वर्षे मोजली. मुदत संपली, आता हे लोक परत जात नाहीत, असे ठरवून त्याने मंदिरातून लुटलेली पवित्र भांडी मेजवानीत दारू पिण्यासाठी काढली. त्याच रात्री तो मारला गेला. मोजायला सुरुवात केली त्या वर्षातच त्याची चूक होती. दानीएलाच्या ग्रंथात तर सत्तर वर्षांची सत्तर 'सप्तके' झाली, म्हणजे चारशे नव्वद वर्षे! तिथून हिशोबाला अंतच राहिला नाही.

यशयाच्या ग्रंथात परकीय सायरसला देवाचा 'अभिषिक्त' म्हटले आहे. हिब्रूत तोच शब्द 'माशीआह', म्हणजे आपण ऐकतो तो मशीहा. मुक्ती स्वकीय वीराच्याच हातून आली पाहिजे असे नाही, हा विचार तिथे आहे. तरीही परवानगी मिळाल्यावर बरेच जण परतले नाहीत. बाबिलोनमध्ये त्यांची घरे आणि बागा खरोखरच झाल्या होत्या, आणि पुढे तालमूदचा मोठा संग्रह तिथेच तयार झाला.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने दुसरे मंदिर पाडले. या वेळी वर्षांचा आकडा सांगणारा कोणी नबी नव्हता. इ.स. १३२ मध्ये बार कोखबाने रोमविरुद्ध बंड केले, तेव्हा त्या काळचे थोर गुरू रब्बी अकीवा यांनी जुन्या ग्रंथातील याकोबाच्या ताऱ्याचे वचन त्याला लावले आणि त्याला मशीहा मानले. दुसऱ्या एका रब्बीने त्यांना सुनावले, की अकीवा, तुझ्या गालांवर गवत उगवेल तरी मशीहा आलेला नसेल. १३५ मध्ये बंड चिरडले गेले आणि त्यात अतोनात माणसे मेली. एका वचनाचा अर्थ चुकल्याची किंमत एवढी असू शकते. मुक्तीच्या तारखा काढत बसणाऱ्यांना तालमूदमध्ये शाप दिलेला आहे तो उगीच नव्हे. तारीख टळली की लोकांचा विश्वासच उडतो, हे त्यामागचे कारण.

मला सर्वांत आवडतो तो रब्बी एलिएझर आणि रब्बी यहोशूआ यांचा वाद. लोक सुधारले तरच मुक्ती मिळेल, असे एलिएझर म्हणत. यहोशूआ म्हणत, की ठरलेली वेळ आली की मुक्ती येईलच. दोघेही ग्रंथातील वचनांमागून वचने देत गेले आणि शेवटी एलिएझर गप्प बसले. वाळलेल्या हाडांच्या खोऱ्याचा यहेज्केलला झालेला दृष्टान्तही असाच. ती हाडे जिवंत झाली म्हणजे काय? एक रब्बी म्हणाले, हे रूपक आहे. दुसरे म्हणाले, ती माणसे खरोखर उठली, मायदेशी गेली आणि त्यांना मुलेबाळे झाली. तेवढ्यात तिसरे उभे राहिले: मी त्यांचाच वंशज, आणि हे पाहा, प्रार्थनेच्या वेळी बांधायचे त्यांचे तेफिलीन आजोबांनी मला दिले आहेत!

बाराव्या शतकातील मायमोनिदीस हे इजिप्तमध्ये राहणारे वैद्य व धर्मशास्त्री. त्यांनी चमत्कार बाजूला ठेवले. लांडगा आणि कोकरू एकत्र राहतील हे रूपक, सृष्टीचे नियम बदलणार नाहीत, असे त्यांनी लिहिले. पुरावा म्हणून त्यांनी अकीवांचेच उदाहरण घेतले: अकीवांनी बार कोखबाकडे चमत्कार मागितला नव्हता.

पुढे १६६६ मध्ये शब्बताई झ्वी या 'मशीहा'ने इस्लाम स्वीकारला आणि असंख्य घरांतली आशा मोडली. त्यानंतर वाट पाहायची की आपणच निघायचे, हा प्रश्न अधिक टोकदार झाला. रब्बी कालिशर यांनी १८६२ मध्ये लिहिले, की मुक्ती टप्प्याटप्प्याने, माणसांच्या प्रयत्नाने सुरू होईल. अमेरिकेतील सुधारणावादी रब्बींनी १८८५ मध्ये पिट्सबर्गला जाहीर केले, की आम्ही परतीची अपेक्षाच करत नाही. १९४८ मध्ये इस्राएल राष्ट्र झाले, तेव्हा काहींना ती मुक्तीची पहाट वाटली. सातमार पंथाचे रब्बी टाइटेलबाउम यांना मात्र तो अपराध वाटला. तालमूदमधील तीन शपथांनुसार जबरदस्तीने एकजुटीने परत जाण्याची मनाई आहे, असा त्यांचा आधार. हा मतभेद मिटलेला नाही.

या वादाचे एक टोक मराठीतही आहे. कोकणातील बेने इस्राएल, म्हणजे आपले 'शनिवार तेली', शतकानुशतके मराठी बोलत आले. वल्हांडण सणाच्या रात्री वाचायचा ग्रंथ १८७४ मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापला गेला. पुढच्या वर्षी यरुशलेमला असू, ही त्यातली आशा धरून १९४८ नंतर बहुतेक जण इस्राएलला गेले. तिथे त्यांच्या विवाहांबाबत धर्मपीठाने शंका काढल्या. त्यांना निदर्शने करावी लागली, तेव्हा १९६४ मध्ये निर्बंध मागे घेतले गेले. परतणाऱ्यांनाच 'तुम्ही आमचे का?' असे विचारले गेले. यशया आणि यिर्मया यांच्या भाष्यकारांनी या प्रसंगाचा विचार केला नव्हता.

मलाखीच्या ग्रंथानुसार मुक्तीच्या आधी एलीया नबी येणार. बेने इस्राएलांनी त्याला फार जवळचा करून घेतला. नवस फेडताना आणि शुभकार्यात ते गूळखोबऱ्याच्या पोह्यांचा मलिदा त्याच्या नावाने करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर काही खुणा आहेत, त्या एलीयाच्या रथाच्या असे ते मानतात. इस्राएलमध्ये स्थायिक झालेली कुटुंबे कोकणात आली की आजही त्या खडकाकडे जातात.