बांधकामाआधीचे बांधकाम

कोणतीही वास्तू प्रथम कागदावर उभी राहते आणि त्यानंतर जमिनीवर. कागदावरील चूक खोडरबराने पुसता येते. जमिनीवरील चूक मात्र छिन्नी-हातोड्यानेच काढावी लागते आणि सार्वजनिक कामात तिचा भुर्दंड अखेर जनतेलाच सोसावा लागतो. शाळेची खोली असो, प्राथमिक आरोग्य केंद्र असो की महानगरातील मेट्रो रेल्वे असो, काम रेंगाळण्याची व खर्च वाढण्याची बरीचशी कारणे पाया खणण्यापूर्वीच जन्माला आलेली असतात. ती वेळीच हेरण्याचे एक साधन गेल्या काही दशकांत विकसित झाले आहे. त्याचे नाव बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग, संक्षेपाने ‘बिम’. बांधकामावर ज्याला ‘बीम’ म्हणतात त्या तुळईशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे प्रारंभीच सांगितलेले बरे.

इमारत एक, कागद अनेक

प्रचलित पद्धतीत एकाच इमारतीचे अनेक नकाशे तयार होतात. वास्तुशास्त्रज्ञ आपला आराखडा काढतो. संरचना अभियंता खांब, तुळया व स्लॅब यांचे नकाशे करतो. वीज, पाणीपुरवठा व सांडपाणी यांचे नकाशे आणखी वेगळे. अंदाजपत्रक एका फायलीत, कामाचे वेळापत्रक दुसऱ्या फायलीत आणि झालेल्या कामाच्या नोंदी मोजमाप पुस्तिकेत. या सर्व कागदांचा विषय एकच असला तरी त्यांचा परस्परांशी आपोआप संबंध राहत नाही. एकात बदल झाला की इतरांत तो कोणीतरी आठवणीने करावा लागतो आणि नेमकी तेथेच चूक शिरते.

परिणाम सर्वांच्या परिचयाचा आहे. स्लॅब पडल्यानंतर लक्षात येते, की सांडपाण्याचा नळ तुळईच्या आड येतो आहे. काम थांबते. वाढीव बाब उद्भवते, सुधारित अंदाजपत्रक तयार होते, मान्यतेसाठी कागद वर जातात आणि तोवर इमारत अर्धवट उभी राहते. दोष कोणाचा, हे ठरविण्यातच पुढचे काही महिने जातात.

प्रतिमान म्हणजे केवळ चित्र नव्हे

‘बिम’मध्ये संगणकावर इमारतीचे एक त्रिमितीय प्रतिमान उभारले जाते. हे केवळ शोभेचे चित्र नसते. साध्या नकाशात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा. प्रतिमानात मात्र ती ‘भिंत’ म्हणूनच ओळखली जाते. तिची लांबी, उंची, जाडी, विटांचा प्रकार, गिलावा, तिच्यातील दारे-खिडक्या ही सारी माहिती तिच्याशी जोडलेली असते. नकाशे, छेद व परिमाणे ही मग त्याच एका प्रतिमानातून काढली जातात.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात चार्ल्स ईस्टमन यांनी १९७० च्या दशकाच्या मध्यास अशा स्वरूपाच्या ‘इमारत वर्णन प्रणाली’ची मांडणी केली होती. तथापि, ती प्रत्यक्ष व्यवहारात रुजण्यास पुरेशा शक्तीचे व परवडणारे संगणक उपलब्ध होईपर्यंत थांबावे लागले.

एका वर्गखोलीचे उदाहरण

आतून ८ मीटर लांब व ६ मीटर रुंद अशी एक वर्गखोली घेऊ. भिंती २३ सेंटिमीटर जाडीच्या, विटांच्या व भारवाही आहेत. उन्हाळ्यात खोली तापते, म्हणून छताची उंची ३ मीटरऐवजी ३.३ मीटर करावी असे ठरले. बदल अवघा ३० सेंटिमीटरचा. त्याचा हिशेब पाहू.

भिंतींच्या मध्यरेषेची एकूण लांबी २८.९२ मीटर भरते. तिला ०.२३ मीटर जाडी व ०.३ मीटर वाढीव उंची यांनी गुणले असता वीटकाम सुमारे २ घनमीटरने वाढते. दारे-खिडक्या या वाढीव पट्ट्याच्या खालीच राहत असल्याने त्यांची वजावट नाही. घनमीटरला सुमारे ५०० विटा धरल्या तर १,००० विटा अधिक लागतील. आतील व बाहेरील गिलावा मिळून सुमारे १७ चौरस मीटरने वाढेल, आणि तितकाच रंग. याखेरीज पावसाच्या पाण्याचा नळ व विजेची तार लांबेल आणि गवंड्याचे दिवस वाढतील.

जुन्या पद्धतीत हा बदल नकाशा, छेद, अंदाजपत्रक व वेळापत्रक या प्रत्येकात स्वतंत्रपणे करावा लागतो. प्रतिमान नीट बांधलेले असेल तर उंचीचा आकडा एकदा बदलला की परिमाणे नव्याने निघतात. निर्णय घेणाऱ्यास ‘थोडासाच बदल आहे’ या मोघम उत्तराऐवजी त्या बदलाची किंमत आधीच कळते. खोली उंच करावी की नाही हा निर्णय माणसानेच घ्यावयाचा; पण तो आता डोळसपणे घेता येतो.

व्यवस्थापनात काय बदलते?

पहिला बदल अडथळ्यांच्या शोधाचा. संरचना, वीज व नळ यांची प्रतिमाने एकत्र आणली की कोठे नळ तुळईतून जातो, कोठे दोन वाहिन्या एकाच जागी येतात, हे संगणक दाखवितो. दुरुस्ती काँक्रीट ओतण्यापूर्वी होते.

दुसरा बदल वेळेचा. प्रत्येक घटकाला त्याच्या कामाची तारीख जोडली की प्रतिमानास चौथी मिती लाभते. अमुक महिन्यात इमारत कितपत उभी असेल आणि त्या वेळी सामान कोठे ठेवावयाचे, हे आधी पाहता येते. तिसरा बदल खर्चाचा. घटकांना दर जोडले की पाचवी मिती तयार होते. काम किती झाले व पैसा किती लागला, यांचा ताळा त्यामुळे वेळोवेळी घेता येतो.

चौथा बदल जबाबदारीचा आहे आणि तो कदाचित सर्वांत महत्त्वाचा. या पद्धतीत सर्व माहिती एका सामाईक भांडारात ठेवली जाते. चालू काम, इतरांच्या विचारार्थ खुले केलेले काम, मान्य होऊन वापरास दिलेले काम आणि जतन केलेले काम अशा तिच्या चार अवस्था असतात. कोणता नकाशा अखेरचा, तो कोणी व केव्हा मान्य केला, याची नोंद राहते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १९६५० या आंतरराष्ट्रीय मानकाने या व्यवस्थेस निश्चित स्वरूप दिले.

नागपूरचा अनुभव

महाराष्ट्रात या पद्धतीचे ठळक उदाहरण म्हणजे नागपूर मेट्रो. या प्रकल्पात पंचमितीय ‘बिम’ प्रणालीचा अवलंब करण्यात आला. मार्च २०१९ मध्ये पहिल्या मार्गावर गाडी धावली आणि डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्या टप्प्यातील उर्वरित मार्गांचे लोकार्पण झाले. वर्धा मार्गावर जमिनीवर जुना रस्ता, त्यावर उड्डाणपूल आणि सर्वांत वर मेट्रो अशी रचना ३.१४ किलोमीटर लांब आहे. गड्डीगोदाम येथे तर रस्ता, रेल्वेमार्ग, उड्डाणपूल व मेट्रो असे चार थर एकावर एक आले आहेत. जेथे एकाच खांबरांगेवर दोन वाहतुकींचा भार येतो आणि खालून रहदारी चालूच ठेवावी लागते, तेथे प्रत्येक घटकाची जागा व वेळ आधी निश्चित असणे किती निकडीचे असते, हे वेगळे सांगावयास नको.

साधन आणि साध्य

अन्य देशांनी हा मार्ग शासनाच्या पुढाकाराने स्वीकारला. सिंगापूरने २०१३ पासून मोठ्या इमारतींचे प्रस्ताव या स्वरूपात सादर करणे टप्प्याटप्प्याने बंधनकारक केले. ब्रिटनने २०११ मध्ये धोरण जाहीर करून २०१६ पासून केंद्रीय शासनाच्या प्रकल्पांसाठी ते लागू केले.

तथापि, साधन आले म्हणजे साध्य हाती आले, असे नव्हे. लंडनच्या क्रॉसरेल प्रकल्पात या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला होता. तरीही डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हावयाचा मध्यवर्ती मार्ग मे २०२२ मध्ये सुरू झाला. सिग्नल, गाड्या व स्थानकांतील यंत्रणा यांची जुळणी व चाचण्या यांस अपेक्षेहून फार अधिक काळ लागला. प्रतिमान जागेतील अडथळे दाखविते. अवास्तव आश्वासने ते दाखवू शकत नाही.

आणखीही मर्यादा आहेत. संगणकप्रणाली व प्रशिक्षण यांस खर्च येतो. जागेवरील मोजणी चुकीची असेल तर प्रतिमानही तितकेच चुकीचे असते. जागेवर झालेला बदल प्रतिमानात नोंदविला नाही, तर काही महिन्यांतच ते जुन्या नकाशाप्रमाणे निरुपयोगी होते. शिवाय माहिती एकाच कंपनीच्या प्रणालीत अडकून पडू नये, यासाठी ती आयएफसी या खुल्या स्वरूपातही मागून घेणे शासकीय यंत्रणेच्या हिताचे ठरते; इमारत अनेक दशके टिकते, संगणकप्रणाली तितकी टिकेलच असे नाही.

गावपातळीवर बोध

दोन खोल्यांच्या शाळेसाठी प्रत्येक ग्रामपंचायतीने अशी प्रणाली खरेदी करावी, असे कोणी म्हणणार नाही. परंतु या पद्धतीमागील शिस्त आत्मसात करण्यास संगणकाचीही गरज नाही. काम सुरू होण्यापूर्वी सर्व नकाशे एकाच टेबलावर पसरून एकत्र पाहावेत. अखेरचा मान्य नकाशा कोणता, हे त्यावर तारखेसह लिहावे. कोणताही बदल तोंडी स्वीकारू नये. त्याचा खर्च व लागणारे दिवस लेखी मागावेत. स्लॅब टाकण्यापूर्वी आणि गिलावा करण्यापूर्वी तारा व नळ यांची छायाचित्रे घेऊन ठेवावीत. काम संपल्यावर प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणे नकाशा घेऊन तो दप्तरी जपावा. उद्या गळती काढावयाची झाली तर भिंत कोठे फोडावी, हे तोच सांगेल.

शिक्षकांनीही आपल्या वर्गाचे मोजमाप विद्यार्थ्यांकडून करवून घ्यावे आणि वर दिलेला हिशेब त्यांच्याकडून मांडून घ्यावा. गणित सार्वजनिक पैशाची राखण कशी करते, हे त्यांना ज्या खोलीत ते बसतात त्या खोलीच्या भिंतीच शिकवतील. ज्या गावाला आपल्या शाळेच्या भिंतीत किती विटा गेल्या हे ठाऊक असते, त्या गावाच्या कामात वीट सहसा कमी पडत नाही.