मिलेनियल पिढी : जन्मसाल आणि अनुभव

‘आमच्या पिढीत असे नव्हते’ हे वाक्य घरोघरी ऐकू येते. पण पिढी म्हणजे नेमके काय? ती कोठे सुरू होते आणि कोठे संपते? गेली काही वर्षे वृत्तपत्रांतून ‘मिलेनियल’ पिढीविषयी बरेच छापून येते. आळशी, आत्ममग्न, एका नोकरीत न टिकणारी, लग्न लांबविणारी अशी तिची ख्याती आहे. ती कितपत खरी, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

प्रथम व्याख्या पाहू. विल्यम स्ट्रॉस व नील हाउ या अमेरिकन लेखकांनी १९९१ साली ‘जनरेशन्स’ या ग्रंथात हे नाव वापरले. १९८२ साली जन्मलेली मुले २००० साली, म्हणजे सहस्रकाच्या उंबरठ्यावर, शालेय शिक्षण संपविणार होती; म्हणून ‘मिलेनियल’. पुढे प्यू रिसर्च सेंटर या संस्थेने १९८१ ते १९९६ अशी जन्मसालांची मर्यादा धरली. आज सामान्यतः तीच मानली जाते.

अमेरिकेत या पिढीने शाळा-महाविद्यालयात असताना ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला पाहिला. तिच्या तारुण्यातच फेसबुक व स्मार्टफोन आले. पण सर्वांत खोल परिणाम झाला तो २००८ च्या मंदीचा. ऑक्टोबर २००९ मध्ये तेथील बेकारी दहा टक्क्यांवर गेली. शिक्षणासाठी काढलेले कर्ज डोक्यावर आणि हाती नोकरी नाही, अशा स्थितीत अनेकजण आईवडिलांच्या घरी परतले. १९८० साली तेथे पुरुषांचे पहिल्या विवाहाचे मध्यगा वय सुमारे २५ व स्त्रियांचे २२ होते. २०२० साली ते अनुक्रमे ३० व २८ च्या पुढे गेले. लांबलेले शिक्षण, स्त्रियांची नोकरी ही कारणे आहेतच. पण खिशात पैसा नसणे हेही कारण आहे. तरीसुद्धा मे २०१३ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने मुखपृष्ठावर या तरुणांना ‘मी-मी-मी पिढी’ म्हटले. परिस्थितीचा दोष स्वभावाच्या माथी मारला गेला, असे मला वाटते.

आता प्रश्न असा, की ही व्याख्या आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडते काय? येथे कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाचा १९२८ सालचा पिढीविषयक निबंध उपयोगी पडतो. त्याच्या मते केवळ एका काळात जन्मल्याने पिढी बनत नाही; तरुण वयात समान घटनांचा अनुभव घ्यावा लागतो. शहरातील तरुण आणि त्या चळवळींचा वाराही न लागलेला दूरच्या खेड्यातील शेतकरी तरुण समवयस्क असले, तरी ते या अर्थाने एका पिढीचे नव्हेत.

हा विचार आपल्या महाराष्ट्राला लावून पाहू. १९८५ साली जन्मलेले दोन तरुण घ्या. पुण्यातील तरुणाने शाळेत असतानाच सायबर कॅफे पाहिला. १९९१ च्या आर्थिक धोरणाची फळे त्याला संगणक कंपनीतील नोकरीच्या रूपाने मिळाली. २००८ म्हटले, की त्याला मंदी आणि नोकरकपातीची धास्ती आठवते. मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाला मात्र २००८ म्हणजे केंद्र सरकारच्या कर्जमाफीचे वर्ष! आपली जमीन दोन हेक्टरांच्या आत बसते की बाहेर, यावर तेव्हा सारे अवलंबून होते. कारण त्यावरील शेतकऱ्यांना पूर्ण माफी नव्हती. इंटरनेट त्याच्या हाती खऱ्या अर्थाने आले ते २०१६ नंतर, डेटा स्वस्त झाल्यावर. तोवर त्याने तिशी ओलांडली होती. जन्मसाल एकच, पण दोघांची पिढी एक म्हणता येईल काय?

आणि तरीही एक धागा दोघांना जोडतो. शिकलास की स्थिरस्थावर होशील, हे वचन दोघांनाही घरातून मिळाले होते. त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्यास मला लांब जावे लागले नाही. आम्हांला शिकविणारे एक सर याच वयोगटातील आहेत. सेट उत्तीर्ण, पीएच.डी. झालेले, पण अद्याप तासिका तत्त्वावर. सकाळी आमचे तास घेतात आणि दुपारी मोटारसायकलवरून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात जातात. या लेखासाठी मी त्यांना लग्नाविषयी भीतभीतच विचारले. ते हसून म्हणाले, “नोकरी कायम झाली की बघू, असे घरी सांगतो. आठ वर्षे तेच सांगतोय.” दोन महाविद्यालये करणाऱ्या या माणसाला अस्थिर म्हणावे, की स्थैर्याची वाट पाहणारा?

सारांश, पिढीचे नाव ही अभ्यासाची सोय आहे, स्वभावाचा दाखला नव्हे. उद्या आपल्या, म्हणजे २००० नंतर जन्मलेल्यांच्या, पिढीबद्दलही असेच निवाडे दिले जातील. नव्हे, दिले जात आहेतच. तेव्हा निवाडा देणाऱ्याला आपण एवढेच विचारावे : आमचे जन्मसाल तुम्ही पाहिलेत, आमच्या वाट्याला आलेला काळ पाहिलात काय?