अडलेले पाणी आणि कूवम नदी

पाणी साचले की नासते, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी खरा नाही. उत्तर अमेरिकेत व युरोपात आढळणारा बीव्हर हा उंदीर-खारींच्या वर्गातील प्राणी झाडे कुरतडून पाडतो आणि फांद्या, दगड व चिखल यांचा बांध ओढ्यावर घालतो. बांधामागच्या तळ्यात पाण्याचा वेग मंदावतो व गाळ तळाशी बसतो. त्या गाळात प्राणवायू नसल्यामुळे तेथील जीवाणू पाण्यातील नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात. उरलेला नायट्रोजन वायुरूपाने निघून जातो. तळ्याचे पाणी काहीसे कोमट होते, त्यातील प्राणवायूही कधीकधी घटतो; परंतु बांधातून झिरपून पुढे जाणारे पाणी बहुधा अधिक निर्मळ असते.

चेन्नईच्या नद्यांवर असा बांध समुद्र घालतो. वर्षाचा बराच काळ बंगालच्या उपसागराच्या लाटा किनाऱ्यालगतची वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे लोटीत असतात. त्यामुळे कूवम आणि अड्यार या दोन्ही नद्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा तयार होतो. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळातील ईशान्य मोसमी पावसाचा लोंढा तो फोडतो, आणि लोंढा ओसरला की तो पुन्हा जमू लागतो. हा क्रम जुनाच आहे. अठराव्या शतकातील दानशूर व्यापारी पच्चैयप्पा मुदलियार कूवममध्ये स्नान करून कोमलेश्वराच्या दर्शनाला जात, असे सांगतात. तेव्हाही मुखाशी वाळू होतीच.

मग बिघडले काय? १८७५ मध्ये मद्रास बंदराचे काम सुरू झाले. समुद्रात शिरलेल्या त्याच्या भिंतींनी उत्तरेकडे जाणारी वाळू अडवली आणि ती दक्षिणेच्या बाजूला साठत गेली. मरीनाचा रुंद किनारा ही त्याचीच देणगी. पण कूवमचे मुखही नेमके त्याच बाजूला आहे. दांडा भक्कम होत असताना तो फोडणारा प्रवाह क्षीण होत गेला. कोरत्तूरच्या बंधाऱ्यावरून कूवमचे पाणी चेंबरंबाक्कम तलावाकडे वळवले जाते. ज्या कोसस्थलैयार नदीचे पाणी केसवरमजवळून कूवमला मिळे, तिच्यावर १९४४ मध्ये पूंडीचे धरण पूर्ण झाले. शहराची तहान भागली पाहिजे, यात वाद नाही. तथापि पावसाळा संपल्यावर शहरातील नदीपात्रात जे वाहते ते मुख्यतः सांडपाणी होय.

येथेच बीव्हरच्या तळ्याशी असलेले साम्य संपते. सांडपाण्यातील नायट्रोजन बहुतांशी अमोनियाच्या रूपात असतो. त्याचे नायट्रेट व्हायला आधी प्राणवायू लागतो, आणि तोच कूवममध्ये शिल्लक राहत नाही. शुद्धीची पहिली पायरीच निखळलेली असल्याने दुसरी उपयोगाची नाही. सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना किती प्राणवायू लागतो, यावरून पाण्याची मलिनता मोजतात. स्नानयोग्य पाण्यासाठी ही मर्यादा लिटरमागे ३ मिलिग्रॅम आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२२ च्या अहवालात आवडी ते सत्यानगर या पट्ट्यात कूवमचा आकडा ३४५ होता. प्राणवायू संपल्यावर दुसऱ्या जातीचे जीवाणू भरतीबरोबर आत आलेल्या खाऱ्या पाण्यातील सल्फेटकडे वळतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. पुलावरून जाणाऱ्याला येणारी कुजक्या अंड्यांसारखी दुर्गंधी ती हीच. गाळाचा काळा रंगही याच वायूचा लोहाशी संयोग झाल्याने येतो.

मुखाशी साचलेली वाळू उपसणे हा उपाय वारंवार केला जातो. त्याने समुद्राचे पाणी आत येते खरे, पण चेन्नईला भरती-ओहोटीतील अंतर जेमतेम मीटरभर असल्याने ते फार वरपर्यंत पोहोचत नाही. मैल्याची वाट नदीकडून शुद्धीकरण केंद्राकडे वळवणे हे अधिक मुळाशी जाणारे काम आहे, आणि ते खर्चाचे व चिकाटीचे आहे. अड्यारच्या खाडीचा ५८ एकरांचा भाग राडारोडा उपसून, खारफुटी लावून २०११ मध्ये उद्यान म्हणून खुला झाला. तेथे पक्षी परतले.

नदीच्या दुर्दशेचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. १ डिसेंबर २०१५ रोजी चेंबरंबाक्कममधून सेकंदाला सुमारे २९,००० घनफूट पाणी सोडले गेले आणि अड्यारच्या काठची वस्ती बुडाली. त्यानंतर दोन्ही नद्यांच्या काठांवरील हजारो कुटुंबे शहराच्या दक्षिण टोकाला, पेरुंबाक्कम येथील बहुमजली इमारतींत हलवण्यात आली. कामधंदा जुन्या वस्तीजवळच राहिला. नवी घरे पळ्ळिकरणैच्या दलदलीजवळ, तीही सखल जमिनीवरच उभी आहेत.