बी-१, बी-२ आणि काळी माती

वसमत

चि. मुक्ता,


अंगणवाडीची इमारत आणि ओढ्यावरचा पूल, दोन्हींची टिपणी तुझ्याच टेबलावर आली म्हणतेस. फोनवर विचारलंस, "काका, निविदेची सगळ्यांत चांगली पद्धत कोणती?" तसं सरसकट उत्तर नसतं गं. आधी हे बघ की या कामातलं आपल्याला आज काय माहीत नाही, आणि उद्या ते उघडं पडलं तर पैसे कोण भरणार.

आपल्या हिंगोली जिल्ह्यात हे माहीत नसलेलं बहुधा जमिनीखाली असतं. काळी माती किती खोल, मुरूम कुठे लागतो, खडक कडक की पिचका, हे खड्डा घेतल्याशिवाय कळत नाही. पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी ही माती पाया किती खाली न्यायचा ते ठरवते, आणि अंदाजपत्रकाचा हिशेब तिथेच चुकतो. म्हणून टिपणीला बसण्याआधी ट्रायल पिट घे. कार्यालयात बसून नव्हे, जागेवर उभी राहून.

अंगणवाडीला टाइप प्लॅन आहे, दर सरकारी दरसूचीत आहेत. तिथे बी-१ नमुन्याची निविदा पुरे. परिमाणं आपली, दर आपले, ठेकेदाराने फक्त टक्का सांगायचा, वर किंवा खाली. बी-२ मध्ये प्रत्येक बाबीचा दर तोच भरतो. ऐकायला हे जास्त न्यायाचं वाटतं, पण मुरलेला ठेकेदार तुझं अंदाजपत्रक तुझ्यापेक्षा बारकाईने वाचतो. खोदकाम वाढणार हे त्याला शेजारची विहीर बघूनच कळतं. मग खोदकामाला चढा दर लावतो, रंगाला आणि फरशीला पडेल दर. बेरीज सगळ्यांत कमी, म्हणून काम त्याला. पाया भरेपर्यंत त्याचा नफा वसूल झालेला असतो आणि फरशीच्या वेळी तो फोन उचलत नाही. परिमाण सव्वापटीपुढे गेलं की कलम ३८ आवर घालतं खरं, पण तिथवरचं नुकसान आपल्या माथी बसलेलंच असतं.

बी-१ चं दुखणं वेगळं. तिथे बिलो, म्हणजे अंदाजपत्रकापेक्षा खाली, भरण्याची शर्यत लागते. वाजवीपेक्षा खाली गेलेल्याकडून अतिरिक्त सुरक्षा ठेव घेतात, पण ठेवीने सिमेंट वाढत नाही. एवढ्या बिलोत माल कुठून आणणार, हे दर पृथक्करण मागून विचार, आणि पुढे मोजमाप पुस्तिका स्वतः भर. काम ठरलेल्या रकमेच्या मर्यादेत बसलं तर काम वाटप समितीकडे जाईल आणि मजूर संस्था, सुशिक्षित बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांच्यात वाटलं जाईल. तिथे तुझ्या हाती निवड कमी आणि देखरेख जास्त.

पुलासाठी कुणीतरी नमुना 'क', म्हणजे एकठोक, सुचवेल. ठेकेदाराचंच डिझाइन, एकच रक्कम, आपल्या डोक्याला ताप नाही. उंच पाण्याच्या टाकीला ही पद्धत चालते, कारण तिचा बहुतेक भाग डोळ्यांसमोर असतो. ओढ्याच्या पात्रात मात्र खडक अपेक्षेपेक्षा दोन मीटर खाली निघाला की ठेकेदार एक तर काम थांबवतो, नाही तर दावा लावतो. प्रत्येक खांबाच्या जागी बोअर घे आणि बी-१ वर जा, असं माझं स्पष्ट मत.

ईपीसीबद्दल तुला फार कौतुक दिसतं. डिझाइन, खरेदी आणि बांधकाम एकाच हाती देऊन समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर १६ पॅकेजमध्ये झाले. पण तिथे आपली गरज आधीच शब्दाशब्दाने लिहून द्यावी लागते. ती लिहिणारं मनुष्यबळ तालुक्याच्या उपविभागात नसतं.

वारंगा फाटा ते महागाव हा महामार्ग हायब्रिड ॲन्युइटीवर दिला होता. केंद्राच्या त्या पद्धतीत सरकार बांधकामाच्या काळात ४० टक्के देतं, उरलेले ६० पुढे हप्त्यांनी. राज्याने आपल्या रस्त्यांसाठी ते प्रमाण उलटं, ६०:४० ठेवलं, तरी सुरुवातीला ठेकेदार पुढे येईनात. कारण उरलेल्या पैशासाठी बँकेच्या दारात त्यांनाच उभं राहायचं होतं.

आणि बीओटीत, म्हणजे कंपनीने रस्ता बांधून टोलमधून पैसे वसूल करण्याच्या पद्धतीत, सगळी जोखीम खासगी कंपनीची, असं मानू नकोस. १ जून २०१५ पासून राज्याने १२ टोलनाके बंद केले, आणखी ५३ नाक्यांवर लहान गाड्यांना आणि एसटीला सूट दिली. भरपाई तिजोरीतून. याउलट मुंबई-पुणे द्रुतगती मार्गासाठी आलेली सुमारे ३,६०० कोटींची खासगी निविदा सरकारने नाकारली, आणि रस्ते विकास महामंडळाने रोखे काढून तो रस्ता त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात बांधला. हा दाखला नितीन गडकरी अजून देतात. तू देशील तेव्हा आधी बघ, दोन्ही आकड्यांत व्याज कुठे धरलंय. शिवाय २००४ मध्ये त्याच रस्त्याची टोलवसुली १५ वर्षांसाठी ९१८ कोटींना खासगी कंपनीकडे गेली. मला त्यात विसंगती दिसत नाही. बांधताना वाहतुकीची खात्री नव्हती, २००४ ला रोज किती गाड्या जातात ते मोजता येत होतं.

साहेब घाई करतील, मार्चअखेर जवळ आहे म्हणतील. तरी खड्ड्यांची नोंद आणि बोअरचा अहवाल जोडल्याशिवाय टिपणीवर सही करू नकोस.

तुझा,
काका